कौतुकातून नेमकं काय सिद्ध होतं? लायोल चाकू आणि संग्राहकांची नजर

'निरीक्षण' आणि 'अनुमान' यांतला फरक आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. नेट किंवा पेटच्या तयारीत त्यावर एखादा प्रश्न येतो, आपण बरोबर पर्याय निवडतो आणि पुढे जातो. पण प्रत्यक्ष सिनॉप्सिस लिहायला बसलं की दोन्हींची खिचडी होते. जे दिसलं ते आणि त्यावरून जे वाटलं ते, अशा दोन गोष्टी एकाच वाक्यात येऊन बसतात आणि गाईडनं विचारेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही.

आज या खिचडीचं एक उदाहरण सोडवून बघू. उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही. फ्रान्समध्ये 'लायोल' नावाचा घडीचा चाकू बनतो. जगभरात त्याचे संग्राहक आहेत आणि ते त्याबद्दल फार प्रेमानं बोलतात, लिहितात. मला हे लेखन वाचायला आवडतं. पण संशोधनाच्या नजरेनं ते तपासलं, तर त्यात फार चांगलं आणि फार कच्चं असं दोन्ही एकत्र सापडतं. म्हणूनच ते आपल्या कामाचं आहे.

आधी चाकू समजून घ्या

दक्षिण फ्रान्समध्ये ओब्राक नावाचं पठार आहे. गुरं, चीज आणि कडक हिवाळा ही त्याची ओळख. त्या पठारावर लायोल हे छोटंसं गाव आहे. स्पेलिंग वाचून आपण 'लागिओल' म्हणू, पण गावकरी त्यातला 'ग' उच्चारत नाहीत. पूर्वी तिथले शेतकरी कापुशादू नावाचा साधा, न मिटणारा चाकू बाळगत. १८२९ च्या सुमारास पिएर-जाँ काल्मेल्स या कारागिरानं इथे घडीचा चाकू बनवला, आणि तिथून लायोल चाकूचा इतिहास सुरू होतो असं मानलं जातं.

पुढे त्यात गरजेप्रमाणे भर पडत गेली. १८४० च्या आसपास गुराख्यांच्या सोयीसाठी एक आरी आली. १८८० च्या आसपास बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. त्या काळात ओब्राक आणि आजूबाजूचे बरेच लोक पोटासाठी पॅरिसला जाऊन कॅफे-खानावळींत काम करू लागले होते, हे लक्षात घेतलं की हा स्क्रू कुठून आला ते कळतं.

चाकू दिसायला सडपातळ असतो. मुठीला हलकीशी कमान, पातं लांब आणि टोकदार. मूठ शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची. पातं उघडं धरून ठेवायला पाठीमागे स्प्रिंगची पट्टी असते. पात्याच्या बुडाशी ही पट्टी जिथे संपते, तिथे एक छोटी माशी कोरलेली असते. तीच याची जगभरातली खूण.

संग्राहक काय बघतात

आता संग्राहकांची जमेची बाजू बघू, कारण ती मोठी आहे.

चांगला संग्राहक चाकू हातात घेतला की आधी तो मिटवून बघतो. पातं दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या अगदी मधोमध बसतंय का? मग उजेडासमोर धरतो. स्प्रिंग आणि मूठ यांच्या फटीतून उजेड येतोय का? मग उघडमीट करून आवाज ऐकतो. पातं शेवटी 'खट्' करून बसतं की नुसतंच सरकत येतं? मग माशी बघतो. ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलेली आहे, की वेगळी बनवून वरून जोडली आहे? शेवटी स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी. ती कानशीनं हातानं घातलेली असेल तर प्रत्येक खाचेत किंचित फरक असतो. साच्यातून आलेली असेल तर सगळ्या खाचा एकसारख्या.

हे सगळं निरीक्षण आहे, आणि उत्तम दर्जाचं. यातली प्रत्येक गोष्ट दुसरा माणूस पुन्हा तपासू शकतो. वेगळी जोडलेली माशी भिंगाखाली दिसते. फटीतून येणारा उजेड कुणालाही दिसतो. आपल्यापैकी किती जण आपला नमुना यंत्रात घालण्याआधी इतक्या बारकाईनं उजेडासमोर धरतात? संग्राहकांकडून शिकायचं असेल तर हे शिका.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. या निरीक्षणांनंतर वाक्यात 'म्हणून' येतो. 'नक्षी हातानं घातली आहे, म्हणून हा अस्सल लायोल गावचा.' 'हातानं बनवला आहे, म्हणून धार जास्त टिकते.' 'माशी आहे, म्हणून यामागे नेपोलियनचा इतिहास आहे.' हे तीन 'म्हणून' एकेक करून सोडवू.

पहिला 'म्हणून': हातचा, म्हणून त्या गावचा

चाकूवर गावाचं नाव आहे, नक्षी हातची आहे, म्हणजे चाकू त्या गावात बनला. ऐकायला सरळ वाटतं. पण इतिहास वेगळा आहे.

लायोलच्या उत्तरेला तिएर हे शहर आहे. फ्रान्समधलं चाकू-सुऱ्या बनवण्याचं हे सर्वांत मोठं केंद्र, आणि तिथली ही परंपरा मध्ययुगापासूनची. लायोल पद्धतीचे चाकू एकोणिसाव्या शतकातच तिएरमध्येही बनू लागले. पहिल्या महायुद्धानंतर खुद्द लायोल गावातलं काम जवळपास बंद पडलं, आणि कित्येक दशकं या नावाचे चाकू मुख्यतः तिएरमधूनच येत राहिले. १९८० च्या दशकात गावानं हा धंदा पुन्हा उभा केला. १९८७ मध्ये 'फोर्ज द लायोल' हा कारखाना सुरू झाला. त्याची इमारत फिलिप स्टार्क या प्रसिद्ध डिझायनरनं आखली. तिच्या छतातून एक प्रचंड चाकूचं पातं आकाशात गेलेलं दिसतं.

म्हणजे १९५० सालचा एखादा सुंदर, हातानं नक्षी घातलेला लायोल चाकू तुमच्यासमोर ठेवला, तर तो बहुधा लायोल गावचा नसेल. हातकाम खरं, वय खरं, नावही खरं, आणि तरी निष्कर्ष चुकीचा. कारण 'कसा बनला' याचा पुरावा 'कुठे बनला' याला लागू होत नाही. त्यासाठी कारागिराचा शिक्का, वह्या, बिलं असा वेगळा पुरावा लागतो.

ही नुसती संग्राहकांची हौस नाही. या नावावरून माणसांची पोटं अडली आहेत. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका उद्योजकानं 'लायोल' हे नाव अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, आणि त्या नावाखाली परदेशात बनलेला मालही विकला जाऊ लागला. फ्रान्समध्ये खटले वर्षानुवर्षं चालले. २०१२ मध्ये चिडलेल्या गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. युरोपीय पातळीवरचा एक वाद २०१७ मध्ये युरोपीय महासंघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि काही वस्तूंच्या बाबतीत गावातल्या कारखान्याच्या बाजूनं निकाल लागला. स्वतःच्याच नावासाठी गावाला कोर्टात जावं लागलं, हे वाचून गावाची बाजू घ्यावीशी वाटते. मलाही वाटते. पण मग तिएरचे कारागीर? गावात भट्ट्या थंड होत्या तेव्हा हा चाकू त्यांनी जिवंत ठेवला. 'अस्सल म्हणजे फक्त गावचा' असं संग्राहक सहज म्हणून टाकतो, तेव्हा तो नकळत या लोकांना इतिहासातून पुसतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते एका कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना ते मिळालं. नाव एका गावाचं आणि कसब मोठ्या पट्ट्याचं, ही गोष्ट जगात बऱ्याच ठिकाणी आहे.

मध्येच एक प्रश्न: 'हातानं बनवलेला' म्हणजे काय?

तुमच्या गाईडनं हा शब्द पाहिला तर पहिला प्रश्न असेल, 'ऑपरेशनल डेफिनिशन काय?' म्हणजे कोणत्या अटी पूर्ण झाल्या की तुम्ही एखाद्या वस्तूला हातची म्हणणार?

चाकू बनण्याच्या पायऱ्या मांडा. पोलाद तयार करणं, पात्याचा आकार काढणं, तापवून पाणी देणं, घासून धारेकडे निमुळतं करणं, मूठ घडवणं, स्प्रिंग बसवणं, कानशीनं नक्षी घालणं, झिलई करणं, शेवटची धार लावणं. आज पोलाद गिरणीतून येतं. पातं बऱ्याचदा यंत्रावर कापलं जातं, आणि पाणी देण्याचं काम अनेक पात्यांवर एकत्र भट्टीत होतं. चांगल्या कार्यशाळेत पुढचं जुळवणं, कानसकाम आणि झिलई एकच कारागीर करतो. 'एका माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत केला' असं जे सांगतात, ते बहुतेक वेळा या पायऱ्यांबद्दल असतं. ते कसब खरंच मोठं आहे. फक्त ते नऊपैकी चार-पाच पायऱ्यांचं आहे, हे लिहायला हवं.

आणि 'एकच हात म्हणजे परंपरा' हे गृहीतकही तपासा. तिएरची जुनी परंपरा नेमकी उलटी आहे. तिथे काम वाटलेलं असायचं. कुणी फक्त घडवायचं, कुणी फक्त घासायचं, कुणी फक्त जुळवायचं. ड्युरोल नदीच्या पाण्यावर दगडी चाकं फिरत. घासणारे कामगार चाकाच्या वर फळीवर पालथे पडून काम करत, आणि त्या ओल्या थंडीत ऊब मिळावी म्हणून त्यांची कुत्री त्यांच्या पायांवर बसत. चाकावरून उडणाऱ्या पिवळट चिखलानं कपडे रंगत, म्हणून त्यांना 'पिवळ्या पोटांचे' असं नाव पडलं होतं. हातचं काम म्हणावं तर यापेक्षा हातचं काय असणार? पण एका माणसानं एक चाकू पूर्ण केला, असं तिथे क्वचितच घडलं असेल. एका ऐरणीपाशी बसलेला एकटा कारागीर हे चित्र आपल्याला आवडतं. तेवढ्यानं तो इतिहास होत नाही.

दुसरा 'म्हणून': हातचा, म्हणून धार टिकते

हा दावा मोजता येतो, म्हणून इथे विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला जरा जास्त रस आहे.

लायोल चाकूंत साधारण दोन जातींची पोलादं दिसतात. एक गंजरोधक. उदाहरणार्थ स्वीडनचं १२सी२७, ज्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम सुमारे १३.५ टक्के असतं. दुसरं साधं कार्बन पोलाद. उदाहरणार्थ एक्ससी७५, ज्यात कार्बन सुमारे ०.७५ टक्के आणि क्रोमियम जवळपास नाही. फळं कापली की त्यातल्या आम्लानं दुसऱ्यावर निळसर-करडी छटा चढते. संग्राहकांना ती फार आवडते आणि तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणतात, 'हे खरं पोलाद.' ती छटा एवढंच सांगते की क्रोमियम कमी आहे. धारेबद्दल ती काही बोलत नाही.

धार किती टिकेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. पोलादाची रचना, त्याला दिलेली उष्णतेची प्रक्रिया आणि धारेचा कोन व जाडी. पोलाद लाल तापवून झटकन थंड केलं की आत मार्टेन्साइट नावाची कडक पण ठिसूळ रचना तयार होते. मग पुन्हा हलकं तापवून तो ठिसूळपणा कमी करतात. आपले लोहार 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. हातोड्याचे घाव पात्याला आकार देतात. पण आजच्या एकसारख्या गिरणीच्या पोलादात अंतिम कडकपणा प्रामुख्यानं कार्बन आणि ही प्रक्रिया ठरवते. कारागिराचं प्रेम कितीही असलं, तरी भट्टीचं तापमान चुकलं तर पातं वाया जातं.

यासाठी ठरलेली चाचणीसुद्धा आहे. आयएसओ ८४४२-५ या मानकात पातं यंत्रात पकडून ठरावीक दाबानं एका खास कागदावर पुढेमागे चालवतात. त्या कागदात सुमारे ५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूचाच प्रकार, मिसळलेला असतो. सुरुवातीला किती कापलं यावरून तीक्ष्णता कळते, आणि एकूण किती कापलं यावरून धारेचा टिकाऊपणा. या यंत्राला चाकूची किंमत माहीत नसते आणि गावाचं नावही.

आता संग्राहकाचा पुरावा बघा. 'माझा हातचा चाकू सहा महिन्यांत बोथट झाला नाही.' यात किती गोष्टी मिसळल्या आहेत, मोजा. महागडा चाकू माणूस जपून वापरतो. त्याला धार लावताना जास्त वेळ देतो. त्यानं पिकलेली पेअर कापतो, आणि स्वस्त चाकूनं पार्सलचा पुठ्ठा. वर पैसे मोजलेले असल्यामुळे मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं. मेथडॉलॉजीच्या भाषेत ही सगळी कन्फाउंडिंग व्हेरिएबल्स आहेत. हातकामाचा परिणाम खरोखर तपासायचा तर पोलाद तेच, प्रक्रिया तीच, धारेचा कोन तोच ठेवून फक्त हातकाम आणि यंत्रकाम बदलावं लागेल. आणि कापणाऱ्याला कुठला चाकू कुठला हे कळू देता कामा नये.

'जुने चाकू बघा, शंभर वर्षं टिकले' हा युक्तिवाद तर सर्रास ऐकू येतो. टिकले ते आपल्या हातात आले. जे मोडले, गंजले, भंगारात गेले त्यांची नोंद कुणाकडे आहे? याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही तो असतोच. यशस्वी प्रयोग छापले जातात, फसलेले कपाटात राहतात.

तिसरा 'म्हणून': माशी आहे, म्हणून नेपोलियन

ही सर्वांत लाडकी कथा. त्या माशीला संग्राहक 'मधमाशी' म्हणतात आणि सांगतात की लायोलच्या लोकांचं शौर्य पाहून नेपोलियननं त्यांना आपलं राजचिन्ह वापरायची परवानगी दिली. मधमाशी हे नेपोलियनचं चिन्ह होतं, हे खरं. कथेत एक खरा घटक असला की ती जास्त पसरते.

पण नुसत्या तारखा शेजारीशेजारी ठेवा. नेपोलियन वारला १८२१ मध्ये. काल्मेल्सचा चाकू १८२९ च्या सुमाराचा. आणि माशीची ही खूण ठळकपणे दिसू लागते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर चाकू जन्मला आणि त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी त्यावर ती खूण आली. शिवाय फ्रेंच चाकूवाल्यांच्या भाषेत स्प्रिंगच्या त्या टोकालाच 'मूश' म्हणतात, आणि मूश म्हणजे साधी माशी. तो शब्द ज्या भागाला आहे, तिथेच ती आकृती कोरलेली असते.

कुणी म्हणेल, 'मग तो पहिला नेपोलियन नसेल, तिसरा असेल.' इथे थांबा. पुरावा विरोधात गेल्यावर कथा वाचवण्यासाठी तिच्यात दुरुस्ती करणं याला अ‍ॅड हॉक हायपोथेसिस म्हणतात. दुरुस्ती करायला बंदी नाही. पण दुरुस्त कथेलाही स्वतःचा पुरावा लागतो: परवान्याचा कागद, त्या काळातला तारीख असलेला चाकू, काहीतरी. मुठीवरच्या बारीक खिळ्यांच्या क्रूसाबद्दलही असंच सांगतात, की मेंढपाळ चाकू पावात रोवून त्या क्रूसासमोर प्रार्थना करत. कथा सुंदर आहे. ती सांगणाऱ्याला 'हे आधी कुठे लिहिलंय?' असं विचारा, आणि मिळालेल्या स्रोतालाही तोच प्रश्न विचारा. दहा ठिकाणी तीच कथा असली तरी दहाही जण एकाच ठिकाणाहून उचलत असतील, तर तो एकच स्रोत. शोधनिबंधांतही हेच होतं. एखादा आकडा वीस पेपरांत सापडतो, आणि मागे मागे गेलं की एका जुन्या प्रस्तावनेतलं अंदाजाचं वाक्य निघतं.

मग कौतुक करायचंच नाही का?

करायचं. कौतुक नसतं तर हे चाकू उजेडासमोर कुणी धरलेच नसते. वेगळी जोडलेली माशी आणि पोलादातून घडवलेली माशी यांतला फरक प्रयोगशाळेनं शोधला नाही. तो हौशी माणसांच्या नजरेनं टिपला. संशोधनाचा विषयसुद्धा कौतुकातूनच निवडला जातो. ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, त्यावर चार-पाच वर्षं काढणं अवघड असतं.

माझी तक्रार एवढीच आहे की संग्राहकांची नजर जितकी कडक असते, तितकी त्यांची वाक्यरचना नसते. फटीतल्या उजेडाला ते माफ करत नाहीत आणि तर्कातल्या फटीला सहज माफ करतात. आपण दोन्हीकडे सारखंच कडक राहायचं.

सरावासाठी एक काम देते. घरातली एखादी जुनी वस्तू घ्या. आजीचा अडकित्ता असेल तर फारच छान, कारण तोही धारेचाच प्रकार आहे. कागदाचे तीन भाग करा. पहिल्या भागात फक्त डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं ते लिहा. दुसऱ्या भागात घरचे त्याबद्दल काय सांगतात ते लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. तिसऱ्या भागात प्रत्येक दाव्यापुढे लिहा, की हा खोटा ठरवायचा असेल तर मला काय सापडावं लागेल? ज्या दाव्यापुढे ही जागा रिकामी राहील, तो दावा सध्या आठवण म्हणून जपा. सिनॉप्सिसमध्ये घालू नका.

नंतर तोच कागद तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिससाठी वापरा. त्यातला प्रत्येक 'म्हणून' पेन्सिलनं गोल करा आणि त्याच्या आधीचं वाक्य नंतरच्या वाक्याचा भार पेलतंय का ते बघा.